मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने लोकांशी कसे बोलावे, आणि कशासाठी?

धागाकर्ता (शिक्षक, अमळनेर तालुका)

गेल्या वर्षी बारावीच्या निकालानंतर आमच्या शेजारच्या गावातील एका विद्यार्थिनीने जीव दिला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिचे छायाचित्र होते, घर सापडेल इतका तपशील होता आणि मथळ्यात कारण एकच दिले होते : कमी गुण. वास्तविक छायाचित्र टाळावे आणि मथळा भडक नसावा, असे भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्येच सांगितले आहे. मी त्याच सकाळी मानसशास्त्रज्ञांच्या एका संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना दूरध्वनी केला, तर ‘कार्यकारिणीची बैठक झाली की निवेदन काढू’ असे उत्तर मिळाले. निवेदन बाराव्या दिवशी निघाले. त्यात ‘बहुघटकीय कारणमीमांसा’ आणि ‘समायोजनक्षमता’ असे शब्द होते, आणि ते कोणीच छापले नाही.

माझे म्हणणे असे की, अशा संघटनेने बोलण्यासाठी एक माणूस नेमावा, आधीच लिहून ठेवलेले निवेदन त्याच दिवशी द्यावे आणि वार्ताहरांशी वर्षभर ओळख ठेवावी. १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, पदाधिकाऱ्यांच्या छायाचित्रांसह शुभेच्छांचा फलक लावला म्हणजे जनसंपर्क झाला, असे मी मानत नाही.

प्रतिसाद : समुपदेशक, जळगाव

आपली कळकळ मला समजते, पण मागणी मान्य नाही. व्यावसायिक संघटनेने जनसंपर्काला मान दिला की काय होते, याचा दाखला अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने घालून दिला आहे. १८९२ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेच्या कृतिगटाने २००५ मध्ये अमेरिकी लष्कराच्या ताब्यातील कैद्यांच्या चौकशीतील मानसशास्त्रज्ञांच्या सहभागाबाबत तत्त्वे ठरवली. पुढे वकील डेव्हिड हॉफमन यांनी केलेल्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल २०१५ मध्ये आला, तेव्हा असे दिसले की पदाधिकाऱ्यांनी ती तत्त्वे संरक्षण खात्याच्या सोयीची राहतील असे पाहिले होते आणि त्यामागच्या हेतूंमध्ये जनमानसातील प्रतिमा सांभाळणे हाही एक हेतू होता. प्रतिमेची काळजी वाहणारा माणूस नीतीचा मसुदा लिहायला बसला, आणि नुकसान कैद्यांचे झाले.

दुसरे असे की, आपल्याकडील संघटना ऐच्छिक आहेत. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी १९९२ च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. संघटनेला कोणाची नोंदणी रद्द करता येत नाही. तरीही तिचा प्रवक्ता वृत्तवाहिनीवर बोलू लागला की लोक त्याला अधिकृत आवाज समजतात. मी त्या मुलीला कधी भेटलेलो नाही, तिच्या मनात काय होते हे मला ठाऊक नाही, आणि त्यामुळे मी गप्प राहणे हेच माझ्या व्यवसायाला धरून आहे.

प्रतिसाद : तालुका वार्ताहर, चोपडा

मला संध्याकाळी साडेसातपर्यंत बातमी पाठवावी लागते. पोलीस ठाण्यातील नोंद आणि नातेवाइकांचे बोलणे एवढेच हाताशी असते, आणि मथळा मी देत नाही, तो उपसंपादक देतो. मी दोनदा तज्ज्ञांना विचारले. दोन्ही वेळा ‘लेखी प्रश्न पाठवा’ असे सांगण्यात आले. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या शासकीय दूरध्वनी सेवेचा, क्रमांक २०२२ पासून सुरू आहे, हे मला एका परिचारिकेकडून कळले, कोणत्याही संघटनेकडून नाही.

धागाकर्ता

समुपदेशक महोदय, हॉफमन अहवालाचा दाखला माझ्याच बाजूचा आहे. तिथे संघटनेने स्वतःसाठी बोलणे चालवले होते. मी मागतो आहे ते वाचणाऱ्यासाठी बोलणे. त्या मुलीबद्दल बोलूच नका. त्याच निकालात मागे पडलेली, घरी दार लावून बसलेली इतर मुले ते वर्तमानपत्र वाचत होती, त्यांच्याशी बोला. न तपासलेल्या व्यक्तीबद्दल मत देऊ नये, हा नियम मला शिरोधार्य आहे. पण त्याच अमेरिकन संघटनेची आचारसंहिता माध्यमांतून सल्ला देण्यास मनाई करत नाही, तो व्यावसायिक ज्ञानावर आधारलेला असावा आणि ऐकणाऱ्याशी उपचाराचे नाते जुळल्याचा भास होऊ नये, एवढेच बजावते.

प्रतिसाद : निवृत्त प्राध्यापिका, धुळे

दोघांचेही एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे. साक्री-शिरपूरकडची बाई दवाखान्यात येऊन ‘मला नैराश्य आहे’ असे म्हणत नाही. ‘मना जीव लागत नही’ असे म्हणते, किंवा डोके जड झाल्याचे सांगते. निवेदन पहिल्या दिवशी निघाले, तरी ते पुस्तकी मराठीत असेल तर तिच्यापर्यंत पोहोचणार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रसिद्धीची जबाबदारी शासनावर टाकली आहे हे खरे. परंतु शासकीय फलक मुंबईत तयार होतो, आणि त्यावरचे वाक्य अहिराणीत वळवून देणारे माणूस इथेच मिळेल.

प्रतिसाद : समुपदेशक, जळगाव

अहिराणीचा मुद्दा मला मान्य आहे. प्रवक्ता नेमण्यास माझा विरोध आजही कायम आहे, कारण पद आले की त्यासाठी निवडणूक येते आणि छायाचित्र येते. मात्र निकालाच्या आठवड्यासाठी अर्ध्या पानाचा मजकूर, खाली १४४१६ आणि लिहिणाऱ्याचे नाव व नोंदणी क्रमांक, एवढे मी लिहून देतो. त्यात कोणत्याही मुलाचे नाव नसेल, कोणत्याही घटनेचे कारण नसेल. वार्ताहर महोदयांनी तो साडेसातच्या आत उपसंपादकापर्यंत पोहोचवावा, आणि प्राध्यापिकाबाईंनी त्यातील माझे पुस्तकी शब्द आधी खोडून द्यावेत.