साध्या फोनवर कोरकूतून आरोग्याचे निरोप कसे पोहोचवायचे?

मंडळी, मदत हवी आहे. मेळघाटातल्या धारणी तालुक्यातल्या दोन-तीन कोरकू बोलणाऱ्या गावांत आशाताईंसोबत काम करतो. पावसाळ्यात हगवणीच्या साथीआधी निरोप द्यायचाय: ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात, द्रावण २४ तासांत संपवायचं, झिंकच्या गोळ्या १४ दिवस, हगवण थांबली तरी.

व्हॉट्सॲप ग्रुप करून पाहिला; सुप्रभात आणि अफवांखाली निरोप गाडला जातो. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये आपला नंबर सेव्ह असेल त्यालाच मेसेज मिळतो, आणि बायकांच्या हातात फोन असतो कुठे? तो घरधन्याच्या खिशात, तोही बहुधा बटणांचा. मराठी एसएमएस वाचणारे थोडे, म्हणून कोरकूत आवाज रेकॉर्ड केलाय.

आता मिस्ड कॉल दिला की उलट फोन येऊन रेकॉर्डिंग ऐकू यावं, असं हवंय. ऐकणाऱ्याचा पैसा जाऊ नये, नेट लागू नये. रेंज टेकडीवरच मिळते, त्यामुळे निरोप मिनिटभराचाच. पेनड्राइव्हवरून भोंग्यावर निरोप वाजवायचा सल्ला नको, तो चालूच आहे.

अशी सोय कोणी स्वस्तात चालवली आहे का? दर कॉलला खर्च किती येतो? आणि नोंदणी नसलेल्या गावगटाला डीएलटी नोंदणी (एकगठ्ठा कॉल-मेसेज पाठवणाऱ्यांना टेलिकॉम कंपन्यांकडे करावी लागते ती) मिळते, की ग्रामपंचायतीच्या नावानेच करावी लागते?