वरच्या दुधाची पावडर: कालवायची कशी, ठेवायची किती वेळ?

पाथर्डी_फाटा
बाळ सहा आठवड्यांचं आहे. अंगावरचं दूध चालू आहे, पण वजनासाठी डॉक्टरांनी दिवसातून चारदा ९० मिली वरचं दूध सांगितलंय. डब्यावर लिहिलंय, पाणी उकळून कोमट करा आणि मग पावडर घाला. दुसरीकडे वाचलं की पाणी ७० अंश हवं. नक्की कोणतं धरायचं? दिवसा बाळाजवळ सासूबाई असतात. सकाळीच चारही वेळचं करून फ्रीजमध्ये ठेवलं तर चालेल का? शिवाय उन्हाळ्यात सोसायटीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्यात बोअरचं मिसळतात.

नाशिकरोड_नर्स
७० धरा. सीलबंद डब्यातली पावडरही निर्जंतुक नसते. क्रोनोबॅक्टर, साल्मोनेला हे जंतू तिच्यात क्वचित पण असू शकतात. पाणी उकळून कोमट केलं की पाण्यातले जंतू मेले, पावडरीतले जिवंतच राहिले, वर त्यांना वाढायला छान ऊब मिळाली. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या सूचनांमध्ये पावडर घालताना पाणी किमान ७० अंश असावं असं आहे. दोन महिन्यांखालची, अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळं सगळ्यात जास्त धोक्यात, म्हणजे तुमचं बाळ त्यात येतंच. डब्यावर प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवंत जंतू) लिहिलं असेल तर ते या तापमानाला टिकत नाही. अशा वेळी डब्याचा फोटो डॉक्टरांना दाखवून विचारा.

उकळल्यावर अर्ध्या तासाच्या आत वापरा हा नियम लिटरभर पाण्याचा आहे. वाटीभर पाणी उघड्या पातेल्यात त्याच्या कितीतरी आधी ७० च्या खाली जातं. लिटरभर उकळा, झाकून ठेवा, अंदाजाने चालू नका. स्वयंपाकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या आणि बाटलीत ओतल्यावरचं तापमान बघा, कारण गार बाटलीही काही अंश खाते.

गंगापूररोड
कालवताना आधी पाणी, मग पावडर. बाटली ओट्यावर ठेवून, डोळे खुणेच्या रेषेत आणून ९० मोजा. स्कूप डब्यातलाच घ्यायचा. बऱ्याच कंपन्यांचं माप ३० मिलीला एक स्कूप असतं, पण सगळ्यांचं नाही. शीग लावू नका, कोरड्या स्वच्छ सुरीच्या पाठीने सपाट करा, दाबून भरू नका. तीन स्कूप घातल्यावर दूध ९० च्या वर जातं. ते बरोबर आहे. आधी पावडर टाकून ९० च्या खुणेपर्यंत पाणी भरलं की दूध घट्ट होतं, बाळाच्या अंगातलं पाणी कमी पडतं, मूत्रपिंडांवर ताण येतो. उलट "जड पडेल गं, थोडं पातळ कर" हे प्रत्येक घरात कुणीतरी म्हणतंच. पातळ केलं तर वजन वाढणार नाही आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. साखर, मध, घुटी यातलं काही दुधात नको.

झाकण लावून हलवा, मग नळाच्या धारेखाली धरा. पाणी झाकणाच्या खालीच राहू द्या. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकला तर जेमतेम कोमट लागायला हवा.

सिडको_४
एवढं गार करत बसण्यापेक्षा थोड्या गरम पाण्यात पावडर विरघळवून वर उकळून गार केलेलं पाणी घातलं तर? बाळ तोवर भोकाड पसरतं.

नाशिकरोड_नर्स
नको. ३० मिली गरम पाणी पावडर आणि बाटलीला लागताच खाली येतं, आणि काम झालं की नाही ते कळतही नाही. सगळं पाणी गरमच घ्या. रडू चुकवायचं असेल तर वेळेच्या दहा मिनिटं आधी सुरुवात करा.

आता फ्रीज. लगेच गार करून ५ अंश किंवा त्याखाली, आतल्या कप्प्यात ठेवलं तर २४ तास चालतं. पण ही अट पाळणारा फ्रीज घराघरात नाही. दारातल्या कप्प्यात ठेवलं, एप्रिलमध्ये लाईट तासन्‌तास गेली, तर ते दूध ओतून द्या. त्यापेक्षा सासूबाईंना चांगला थर्मास भरून द्या आणि दर वेळी ताजं करू द्या. उकळतं पाणी आधी घालून थर्मास तापवून घेतला की पाणी जास्त वेळ गरम राहतं. तुमचा थर्मास किती तास ७० च्या वर ठेवतो ते एकदा थर्मामीटरने बघा.

फ्रीजमधलं दूध गरम पाण्याच्या भांड्यात उभं करून कोमट करा, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नाही. मायक्रोवेव्ह नको, वर कोमट लागतं आणि मध्ये चटका बसेल इतकं गरम असतं. बाहेर असलेलं दूध दोन तासांत संपवा. बाळाने तोंड लावलं की तासाभरात उरलेलं टाकून द्या, लाळ मिसळलेली असते. ते परत फ्रीजमध्ये जाणार नाही.

पाणी_तपासणी
बोअरबद्दल. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट (बोअरच्या पाण्यात विरघळलेला असू शकणारा क्षार) जात नाही, उलट पाणी आटल्यावर थोडं दाट होतं. पिण्याच्या पाण्याची भारतीय मर्यादा लिटरला ४५ मिलीग्रॅम आहे. त्याहून जास्त असेल तर तान्ह्या बाळाचं रक्त नीट ऑक्सिजन वाहत नाही, ओठ-नखं निळसर होतात. टाकीचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. तोवर आरओचं वापरा, यूव्ही फिल्टर नायट्रेट काढत नाही. आरओचं किंवा विकतच्या बाटलीतलं पाणीही उकळायचंच.

पंचवटी_आजी
चारच वेळा द्यायचंय तर बाटली कशाला, ताई? वाटी-चमचा किंवा बोंडलं, म्हणजे चोचीची छोटी वाटी, घ्या. निपल, रिंग, झडप यांच्या खाचा नाहीत, धुवायला सोपं. फक्त बोंडल्याची चोच नीट बघा. तिथे दूध सुकून पिवळट पापुद्रा धरतो आणि नुसतं विसळून निघत नाही. बारीक ब्रश, साबण, मग दहा मिनिटं उकळा, पूर्ण बुडालेलं. काढायला चिमटाही त्याच पाण्यात उकळलेला हवा. फडक्याने पुसू नका. बाळाला बसतं करून धरा, दूध ओठाशी टेकवा, घशात ओतू नका.

पाथर्डी_फाटा
थर्मासचं करते, पाण्याची तपासणीही. डबा फ्रीजमध्ये ठेवायचा का? आणि दुकानदार दुसऱ्याच ब्रँडचा आग्रह करतोय.

गंगापूररोड
डबा फ्रीजमध्ये नको, आत ओल धरते. शेगडीपासून लांब, कोरड्या कपाटात ठेवा. उघडल्याची तारीख झाकणावर लिहा आणि महिन्याच्या आत संपवा; डब्यावर तीन आठवडे छापलं असेल तर तीन. ओला स्कूप आत गेला की गाठी होतात. दुकानदाराचं ऐकू नका. १९९२ च्या कायद्याने या दुधाची जाहिरात आणि सवलती दोन्हीवर बंदी आहे. डॉक्टरांनी लिहिलेलाच घ्या, आणि डब्यावर १ हा आकडा आहे ना ते बघा, २ नंबरचा सहा महिन्यांनंतरचा.