स्टीमचे ३० टक्के ही दलाली नाही

रात्रपाळी:
कालच्या धाग्यात कुणीतरी लिहिलंय, 'स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानाने विक्रीतले ३० टक्के कापणं म्हणजे निव्वळ दलाली.' वाचून डोकं फिरलं. डाउनलोडचे सर्व्हर, खेळलेलं ऑनलाइन जपणारं क्लाउड सेव्ह, खेळाडूंनी बनवलेल्या भरी वाटायचं वर्कशॉप, रिफंड हे सगळं फुकट चालतं का? वर गेमवाल्याने स्टीमच्या कीज, म्हणजे गेम चालू करायचे कोड, स्वतःच्या साइटवर विकल्या, तर त्यातून स्टीम छदामही घेत नाही.

पिक्सेलवाला:
ते लिहिणारा मीच. कीजचं मान्य, पण छोट्या स्टुडिओच्या साइटवर फिरकतं कोण? २०१८ पासून १ कोटी डॉलरच्या पुढच्या विक्रीवर २५ टक्के, ५ कोटींच्या पुढे २०. म्हणजे ज्याचं पोट भरलंय त्यालाच सवलत! आम्ही तिघांनी दोन वर्षं रात्री जागून गेम केला. दुकानाचा वाटा, कर, संगीतवाल्याचे पैसे गेल्यावर महिन्याचं घरभाडंही सुटलं नाही.

रात्रपाळी:
एपिकचं दुकान १२ टक्केच घेतं. तिथे का नाही गेलात?

पिक्सेलवाला:
कारण गिऱ्हाईक स्टीमवर आहे! तेच तर सांगतोय.

जुनीसीडी:
टक्क्यांचं राहू दे. पैसे मोजून गेम आपला होतो का, ते बोला. एका दुकानाने माझ्या भावाचं खातं बंद केलं, शंभरेक गेम गेले. सपोर्टचं दर वेळी तेच छापील उत्तर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या माझ्या सीडी अजून चालतात.

रात्रपाळी:
लॅमिंग्टन रोडच्या अर्ध्या सीडी पायरेटेड असायच्या. तेव्हा गेमवाल्याच्या हातात काय पडायचं?

जुनीसीडी:
माझ्या ओरिजिनल आहेत, बिलं जपून ठेवलीत. ओळख ना पाळख, चोर कसले ठरवता? नुसता परवाना देत असाल तर 'खरेदी' म्हणताना तसं स्पष्ट सांगा, असा कायदा कॅलिफोर्नियात २०२५ पासून लागू आहे. उगाच केला का?

पिक्सेलवाला:
म्हणून तर जीओजी या दुकानातून घ्या, तिथल्या गेमला कुलूप नसतं. इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवला की खातं गेलं तरी गेम राहतो.

जुनीसीडी:
भावाचे निम्मे गेम तिथे मिळतच नाहीत.

रात्रपाळी:
चोर म्हटलं नव्हतं, पण लागलं असेल तर शब्द मागे. पिक्सेलवाला, सवलत खालून सुरू व्हावी हे पटतं. एपिकने २०२५ मध्ये तेच केलं, दर गेममागे वर्षाच्या पहिल्या १० लाख डॉलरवर काही घेत नाहीत. आता तुम्ही 'दलाली' मागे घ्या.

पिक्सेलवाला:
'निव्वळ' तेवढं काढतो. दलाली राहू दे.

जुनीसीडी:
आणि भावाच्या शंभर गेमचं काय?