कायदे बदलतात ते नक्की कोणामुळे?

निशिगंध: एक विचारायचं होतं, कायदे मुळात बदलतात कशामुळे? सरकारला वाटलं म्हणून की लोकांनी रेटलं म्हणून? आणि आपल्यासारख्या साध्या माणसाने एखाद्या मागणीच्या अर्जावर सही करून खरंच काही होतं का? मनापासून विचारतेय.

जुनावाटसरू: होतं, पण वेळ लागतो. न्यूझीलंडचं बघा ना, बायकांना मताचा हक्क हवा म्हणून केट शेपर्ड आणि इतरांनी सह्या गोळा केल्या, १८९१ ला ९ हजारांवर, पुढच्या वर्षी जवळपास २० हजार, तरी नाहीच झालं, मग १८९३ ला जवळपास ३२ हजार सह्या, कागद एकाला एक चिकटवून लांबलचक गुंडाळी केली आणि संसदेत नेली, आणि त्याच वर्षी कायदा झाला! दोनदा नकार पचवून परत दारोदार जायचं, मला तर हेच सगळ्यात मोठं वाटतं.

कोरापाट्या: सहीला कायद्याचं बळ आहे का ते आधी बघा. स्वित्झर्लंडमध्ये संसदेने केलेल्या नव्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५० हजार सह्या जमल्या की त्यावर जनतेचं मतदान घ्यावंच लागतं. ब्रिटनमध्ये १ लाख सह्यांनी फक्त संसदेत चर्चेसाठी विचार होतो, म्हणजे बराच फरक आहे.

रानवारा: आणि नव्या कायद्याचा मसुदा लोकांच्या हरकतींसाठी खुला असतो तेव्हाच लिहा. नुसतं ‘विरोध आहे’ नको, कुठलं कलम, कोणाला त्रास आणि त्याऐवजी कुठले शब्द हवेत ते द्या.

निशिगंध: हे कलमाचं माहीतच नव्हतं. आज असा एखादा मसुदा वाचायला घेते.