१९०६ची पदकं ऑलिंपिकची धरायची की नाही? (निमित्त : हाइनरिश श्नायडराइट)

लोखंडे :
ऑलिंपिकमधल्या वेटलिफ्टिंग पदकविजेत्यांची यादी वहीत उतरवतोय. (निवृत्त माणसाचे उद्योग, हसू नका.) १८९६ झालं, १९०४ झालं, की यादी एकदम १९२०वर उडी मारते. १९०६ साली अथेन्सला झालेले सामने सरळ गाळलेले. त्या गाळलेल्या पानात कोलोनचा एक गडी अडकलाय, हाइनरिश श्नायडराइट, जन्म १८८४.

अथेन्सला त्याने एका हाताच्या प्रकारात ७०.७५ किलो उचलून तिसरा क्रमांक घेतला. दोन हातांच्या प्रकारात १२९.५ किलो, तिथेही तिसरा. वर जर्मनीच्या रस्सीखेच संघातून सुवर्ण. एका स्पर्धेत तीन पदकं, आणि आज ऑलिंपिक समितीच्या हिशेबात शून्य! माझं म्हणणं सरळ आहे : हा ऑलिंपिक पदकवीर आहे, नावापुढे फुली-चांदणी काही नको. कोणाला पटत नसेल तर बोला.

आकडेबाज :
नाही पटत. ऑलिंपिक दर चार वर्षांनी, १९०४ नंतर १९०८. मधे भरवलेला मेळावा कितीही देखणा असला तरी मधलाच. १९४९ साली समितीने यावर रीतसर निर्णय दिला की हे सामने धरायचे नाहीत. पंचांचा निकाल लागल्यावर तालमीबाहेर उभं राहून 'खरा विजेता आमचाच' म्हणण्यासारखं आहे तुमचं.

शिवाय १२९.५ किलोचं एवढं काय? आपल्या मीराबाईने ४९ किलो वजनगटात क्लीन अँड जर्कमध्ये (बार आधी खांद्यावर, मग डोक्यावर) ११९ मारलेत. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ साली २६७.

लोखंडे :
निर्णय ४३ वर्षांनी दिला, हे विसरलात. खेळले तेव्हा सगळ्यांना ते ऑलिंपिकच वाटत होतं. मधल्या वर्षांत अथेन्सला सामने भरवायचे हे १९०१ सालीच समितीने मान्य केलं होतं. आणि १९०४चं काय? अमेरिकेत सेंट लुईसला जागतिक प्रदर्शनाच्या जत्रेच्या आडोशाला महिनोन्‌महिने चाललेला कारभार! दोन हातांनी वजन उचलायला एक ग्रीक सोडला तर सगळे अमेरिकन. तो ग्रीक, काकूसिस, १११.७० किलोवर सुवर्ण घेऊन गेला. श्नायडराइट त्याच्याहून १७.८ किलो जास्त उचलून तिसरा आला, आणि काकूसिस यादीत, हा बाहेर. हे कुठल्या गणितात बसतं, आकडेबाज?

गंजलेला बार :
आकड्यांची तुलना करणाऱ्यांनी एकदा माझ्या पहिल्या जिममधला बार उचलून बघावा. टोकाची नळी गंजून घट्ट बसलेली, फिरायची नाही. बार खांद्यावर घेताना मनगट वळतं, पण दोन्हीकडची वजनं वळायला तयार नसतात. सगळा पीळ मनगटात आणि कोपरात. साठ किलोला मी आठवडाभर हात शेकत बसलो होतो. त्या काळच्या बारची टोकंही अशीच, फिरत नसतच. शिवाय वजनगट नाहीत, हलका-जड सगळे एकाच रांगेत. २६७शी तुलना करणं म्हणजे बैलगाडीला वेगमर्यादा लावणं.

आकडेबाज :
बरं, आकड्याचा मुद्दा मागे घेतो. पण दार उघडलंत तर कुठे थांबणार? ग्रीक धनिक झापासने अथेन्सला १८५९ साली भरवलेले खेळही 'ऑलिंपिक'च होते. १९२२चं महिलांचं ऑलिंपिक? तेही घ्यायचं?
आणि तुमच्या अथेन्समध्ये सगळं आलबेल होतं असं नाही. दोन हातांच्या प्रकारात ग्रीकांचा टोफालोस १४२.४ किलोवर पहिला, व्हिएन्नाचा स्टाइनबाख १३६.५वर दुसरा. स्टाइनबाख धंदेवाईक आहे असा प्रेक्षकांनी गलका केला. नंतर त्याने मैदानात येऊन तेच विजयी वजन पुन्हापुन्हा उचलून दाखवलं असा किस्सा सांगतात. घरच्या प्रेक्षकांपुढची स्पर्धा ती.

विंगेतून :
घरच्या प्रेक्षकांचा गलका हा निकष लावला तर निम्मी ऑलिंपिकं रद्द करावी लागतील राव.

कराडकर :
आपल्याकडेही हेच चालतं की. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक खाशाबांचं, हेलसिंकी १९५२, यावर दुमत नाही. पण 'स्वतंत्र' हा शब्द गाळला की लगेच कोणीतरी १९००चा धावपटू नॉर्मन प्रिचर्ड काढतो. तो ब्रिटनचा की भारताचा यावर लोक अजून भांडतात, पण समितीच्या दप्तरी भारत आहे म्हणून बोलणंच खुंटतं. दप्तराला आपण फार मानतो. लोखंडेकाकांच्या बाजूने +१.

विंगेतून :
प्रतिसाद काढून टाकला आहे. (दोनदा पडला होता.)

माजघर :
मला वाटतं वाद चुकीच्या जागी चाललाय. श्नायडराइटवर खरा अन्याय १९४९च्या कागदाने नाही केला. त्याच्या उमेदीची वर्षं बघा. १९०८ लंडन : वेटलिफ्टिंग नाही. १९१२ स्टॉकहोम : नाही. १९१६ बर्लिन, त्याच्या स्वतःच्या देशात : युद्धामुळे झालंच नाही. आणि तोवर तो उरलाही नव्हता. सप्टेंबर १९१५मध्ये सैन्यात असताना तियोंव्हिलला वारला. आज फ्रान्समध्ये असलेलं ते गाव तेव्हा जर्मनीत होतं. तीस वर्षांचा होता. जगला असता तरी १९२० आणि १९२४ला जर्मनीला बोलावणंच नव्हतं. म्हणजे एकविसाव्या वर्षी अथेन्सला मिळाली ती एकच संधी, आणि नेमकी तीच हिशेबाबाहेर.

आकडेबाज :
हे वाचून वाईट वाटलं, खरंच. पण वाईट वाटणं हा नियम नव्हे. अशा पिढ्या सगळ्याच देशांच्या गेल्या. त्याला '१९०६चा पदकवीर' म्हणा, त्यात कमीपणा कसला? ऑलिंपिकचा शिक्का मारल्याशिवाय कर्तृत्व दिसत नाही, हा आजार आपला आहे, त्याचा नव्हे.

लोखंडे :
शेवटचं वाक्य चांगलं आहे, पण शिक्का काढून घेणाऱ्यांना ते ऐकवा ना! मी वहीत लिहिलंय, शाईने. खोडायला समिती येऊ दे घरी, चहा पाजून परत पाठवतो.

आकडेबाज :
मग १२९.५वर तिघं बरोबरीत होते, तेही लिहा. जर्मनीचाच रोंडी आणि फ्रान्सचा मास्पोली. रोंडी रस्सीखेचीतही होता.

लोखंडे :
लिहिले. मास्पोली शिल्पकार होता, समासात टिपून ठेवलंय. रकाना मात्र पुरेना, तिघांची नावं एका ओळीत कोंबलीत.