सासूबाईंना बायोफीडबॅक सांगितलंय, कुणाला अनुभव आहे का?

सातारची_सून: सासूबाई ६८ वर्षांच्या. दोन वर्षं पोट साफ होत नाही. एरंडेल, हरडे, इसबगोल सगळं झालं. आठवड्यातून दोनदा, तेही पाऊण तास कुंथून. कधी कधी बोटाने काढावं लागतं, हे परवा रडत सांगितलं. मॅनोमेट्रीत (गुदद्वाराच्या स्नायूंचा दाब मोजायची तपासणी) म्हणे कुंथताना खालचे स्नायू सैल पडायच्या ऐवजी आवळतात. म्हणून बायोफीडबॅक, म्हणजे पडद्यावर बघत ते स्नायू सैल सोडायला शिकायचं. त्यांचं एकच, "या वयात परक्यांपुढे हे काय!"

सिस्टर_११वर्षं: ताई, आधी त्यांना सांगा की बोटाने काढावं लागणारी ती एकटी बाई नाही. माझ्याकडे येणाऱ्या कित्येकींनी हे नवऱ्यालाही सांगितलेलं नसतं.

बायोफीडबॅकच्या खोलीत फक्त सिस्टर असते, अंगावर चादर. आत बारीक नळी, दुखत नाही. समोर पडद्यावर दोन रेषा. जोर केला की आतल्या दाबाची वर जायला हवी, गुदद्वाराची खाली यायला हवी. आईंच्या दोन्ही वर जात असणार. एक आजी श्वास कोंडून, मुठी आवळून जोर करायच्या. मी म्हटलं, "आधी मुठी सोडा." मग पोट फुगवून श्वास, तोंड किंचित उघडं. तिसऱ्या खेपेला रेष उतरली तर स्वतःच ओरडल्या, "अगं, गेली खाली!" नंतर ५० मिली पाण्याचा फुगा मिनिटाच्या आत बाहेर टाकला. साधारण ४ ते ६ खेपा लागतात, तासाभराची एक.

आजपासून कमोडपुढे पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर यायला हवेत. कोपरं मांडीवर. नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने बसवा, तेव्हा आतडं आपणहून हलतं. दहा मिनिटांत नाही झालं तर उठवा, आणि दाराबाहेरून "झालं का?" कुणीही विचारू नका. रोजचं वहीत लिहा.

लोहाच्या गोळ्या चालू आहेत का? रक्त पडतं, वजन उतरलंय?

पुणेकर_४६: मी केलंय. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवसापासून नाही. पण घरचा सराव चुकवला की गाडी मागे येते.

सातारची_सून: रक्त नाही, वजन तेवढंच. लोहाची गोळी मात्र आठ महिने चालू आहे!

सिस्टर_११वर्षं: त्यानेही खडा होतो. मनाने बंद करू नका, पाकीट घेऊन डॉक्टरांना दाखवा. आणि पहिल्या खेपेला तुम्ही आत थांबा, आईंनी तुम्हालाच तर सांगितलं ना.