गाण्याला थांबले नाहीत म्हणून एवढा राग? टेक्सासचे फॅन्स आणि ब्लॅक खेळाडू

ऑस्टिनचा_अण्णा
मित्राशी झालेलं एक भांडण इतकी वर्षं झाली तरी मिटत नाहीये म्हणून इथे टाकतोय. १० ऑक्टोबर २०२०, कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलची मॅच, टेक्सास युनिव्हर्सिटी विरुद्ध ओक्लाहोमा, डॅलसला. कोविड होता, त्यामुळे राउंड रॉकला त्याच्या बॅकयार्डात टीव्ही बाहेर काढून बसलो होतो, सकाळी अकराची मॅच, हातात मिसळ. चार ओव्हरटाइम झाले आणि ५३-४५ने हरलो. मग रिवाजाप्रमाणे 'द आइज ऑफ टेक्सास' हे युनिव्हर्सिटीचं गाणं लागलं, तर क्वार्टरबॅक (बॉल फेकून खेळ चालवणारा) सॅम एलिंगर हात वर करून जवळजवळ एकटा उभा, बाकीची बहुतेक टीम आत गेलेली. चार तास "आपला पोरगा, आपला पोरगा" करणारा माझा मित्र पटकन म्हणाला, माजलेत साले. पावाचा तुकडा माझ्या हातातच राहिला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हे गाणं १९०३ला ऑस्टिनमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं ते मिन्स्ट्रेल शोमध्ये. म्हणजे गोरे लोक तोंडाला काळं फासून काळ्यांची टर उडवायचे ते शो. जॉर्ज फ्लॉइड हा काळा माणूस पोलिसाच्या हातून मेल्यानंतर, जून २०२०ला खेळाडूंनी मागण्या केल्या, त्यात हे गाणं बदला, आम्हाला गायला लावू नका हीपण होती. युनिव्हर्सिटीने मैदानाला अर्ल कॅम्पबेल आणि रिकी विल्यम्स या जुन्या ब्लॅक खेळाडूंचं नाव दिलं, टेक्सासकडून खेळलेला पहिला ब्लॅक फुटबॉलपटू ज्युलियस व्हिटियर याचा पुतळा उभारला, पण गाणं ठेवलं. गाण्याची सक्ती नाही म्हणाले.

माझं म्हणणं एवढंच की त्या पोराने तुमच्यासाठी डोकं आपटून घेतलं तर त्याला काय टोचतंय ते एकदा ऐकून तरी घ्या.

बर्न्ट_ऑरेंज_०९
अण्णा, मी तिथलाच आहे, २००९चा एमएस. कॉन्व्होकेशनला हेच गाणं झालं, आई नागपूरहून आली होती, तिला एक शब्द कळला नाही तरी बाकीच्यांचं बघून बोटांची शिंगं करून उभी राहिली, तो फोटो अजून हॉलमध्ये आहे. आता मला सांगता की हे वंशवादी गाणं? मार्च २०२१ला २४ जणांच्या समितीचा रिपोर्ट आला, अध्यक्ष स्वतः ब्लॅक प्रोफेसर, त्यात साफ लिहिलंय की गाण्यामागे वंशवादी हेतू दिसत नाही, आणि गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या जनरल लीच्या वाक्यावरून ओळ उचलली ही जी गोष्ट फिरत होती तिलाही आधार सापडला नाही. जन्म कुठे झाला यावरून गाण्याला कायमचं बाद करायचं तर मग झालंच. हरल्यावरही लोक थांबतात म्हणून टीमने दोन मिनिटं थांबायचं, हा शिष्टाचार आहे, गुलामी नाही.

नेवाशाची_माई
शिष्टाचार? त्याच रिपोर्टच्या आठवडाभर आधी टेक्सास ट्रिब्यूनने माजी विद्यार्थ्यांचे आणि देणगीदारांचे ईमेल छापले होते ते वाचलेत का तुम्ही? गाणं काढलंत तर पैसे बंद, अशा धमक्या. एकाने तर लिहिलं होतं की काळ्यांना पटत नसेल तर त्यांनी दुसऱ्या राज्यात जावं. गाण्याचा हेतू १९०३चा असेल नसेल, हे ईमेल तर आत्ताचे आहेत ना. आणि एका खेळाडूने नंतर ट्वीट केलं की गाण्यात सामील झाला नाहीत तर नोकरी टेक्सासबाहेर शोधावी लागेल असं काही माजी विद्यार्थ्यांकडून मुलांना सुचवलं गेलं. सक्ती नाही म्हणे! त्या मॅचनंतर चार दिवसांच्या आत ॲथलेटिक डायरेक्टरचं निवेदन आलं की सगळ्यांनी मैदानात एकत्र थांबावं ही अपेक्षा आहे.

रोखठोक_पुणे
हे सगळं अमेरिकेत बसून रडायचे धंदे. तिकीट काढलं, मॅच बघितली, विषय संपला. फॅनचं देणं कसलं? तो खेळतो, मी बघतो. आता तर पोरांना पैसे पण मिळतात.

ऑस्टिनचा_अण्णा
@रोखठोक आता मिळतात हो. जाहिरातीचे पैसे घ्यायची परवानगी १ जुलै २०२१पासून, आणि कॉलेजने थेट पैसे देणं तर २०२५च्या कोर्टातल्या सेटलमेंटनंतर. २०२०ला त्या मैदानातून जो आत गेला त्याच्याकडे फक्त स्कॉलरशिप होती. त्याच सीझननंतर कोच टॉम हर्मनला काढलं तर घरी बसायचे दीड कोटी डॉलरच्या आसपास. माजलं कोण मग?

आणि तुम्ही फक्त बघत असता तर प्रश्नच नव्हता, पण तुम्ही "आपला पोरगा" म्हणता ना.

पेठेतला_पंच
भावानो कोल्हापुरातनं बोलतोय. इथं आमच्या फुटबॉलात पण आफ्रिकेची पोरं येऊन खेळत्यात, गोल मारला की खांद्यावर घेत्यात आणि चान्स घालवला की त्याच गॅलरीतनं "ए काळ्या". मी पण ओरडलोय, खोटं कशाला बोलू. एकदा मॅच झाल्यावर तेच पोरगं चहाच्या गाड्यावर शेजारी उभं राहिलं, मला बघून हसलं, मला चहा गिळंना झाला. बाकी तुमच्या गाण्याचं तुम्ही बघा.

बर्न्ट_ऑरेंज_०९
पंच, शिवी वेगळी आणि गाणं वेगळं, त्याची गल्लत नको. ते ईमेल घाणेरडे होते, मान्य. पण लाख लोकांच्या स्टेडियममधला प्रत्येक जण त्या ईमेलवाल्यांतला नाही. मी पैसेही देतो आणि असलं काही कधी लिहिलेलं नाही.

नेवाशाची_माई
तुम्ही नाही लिहिलंत, पण ज्यांनी लिहिलं त्यांना उत्तर तरी दिलंत का? १९६९ला टेक्सासने राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं तेव्हा टीममध्ये एकही ब्लॅक खेळाडू नव्हता, त्याच वर्षी व्हिटियर फ्रेशमन (पहिल्या वर्षाचा) म्हणून आला, फ्रेशमनना तेव्हा मेन टीममध्ये खेळता येत नसे. पुढे तो वकील झाला, डॅलसला सरकारी वकील होता. मग कमी वयात अल्झायमर, २०१८ला गेला, मेंदू तपासला तर डोक्याला बसलेल्या माराचा आजार निघाला. पुतळा उभारला तो गेल्यावर दोन वर्षांनी. त्याच्याबरोबर सेल्फी काढून आत जाऊन हेच गाणं म्हणायचं आणि न गाणाऱ्याला माजलेला म्हणायचं, हे मला जमत नाही. कॅम्पसवर ब्लॅक विद्यार्थी पाचेक टक्के, टीममध्ये बघा किती.

क्लॅरिनेटची_आई
माझी मुलगी हायस्कूल बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, तिला टेक्सास युनिव्हर्सिटीच्या लाँगहॉर्न बँडमध्येच जायचंय, लहानपणापासून. म्हणून विचारते, तिथे हे गाणं वाजवावंच लागतं का? खेळाडूंना गायची सक्ती नाही असं वर लिहिलंय.

बर्न्ट_ऑरेंज_०९
ताई, लाँगहॉर्न बँडमध्ये असाल तर वाजवावं लागतं. ज्यांना नको त्यांच्यासाठी वेगळा बँड काढायचं २०२१ला ठरवलं होतं, पण तुमच्या मुलीला शनिवारी स्टेडियममध्ये मार्चिंग हवं असणार.

क्लॅरिनेटची_आई
हो, तेच हवंय. हा धागा तिला वाचून दाखवला, तिला मराठी वाचता येत नाही. मिन्स्ट्रेलचं ऐकून गप्प बसली, मग म्हणाली सेक्शनमध्ये शेजारी जेडन बसतो, तो पण तिकडेच अप्लाय करतोय, त्याला विचारते तो काय करणार.